दादरचा पिनकोड घ्या आणि अवयव पाडा

लोकलमध्ये नेट गेलं की मी पिनकोड फोडत बसतो. सहा आकडी नंबर यासाठी एकदम परफेक्ट, अगदीच सोपा नाही आणि फोनच्या कॅल्क्युलेटरवर आरामात होतो. दादर ईस्टचा ४०००१४ घेऊ.

आधी शाळेतल्या कसोट्या. शेवटी ४ म्हणजे सम, २ ने भागा, आले २००००७, त्याच्या अंकांची बेरीज ९ म्हणजे ९ ने जाणारच, उरले २२२२३. इथून खरी हमाली सुरू. ७, ११, १३ असं फक्त मूळ संख्यांनी बघत जायचं (१५ ने बघत बसलात तर नुसता वेळ फुकट), उत्तरात पॉइंट आला की सोडा, पुढची घ्या. थांबायचं वर्गमूळाला, इथे ते १४९ च्या आसपास, तोवर काहीच लागलं नाही तर तो नंबरच मूळ. पण आपल्याला ७१ ला लागतं: ७१ × ३१३, आणि ३१३ स्वतः मूळ. झालं, २ × ३² × ७१ × ३१३.

आता बाकी सगळं पटापट. विभाजक किती तर प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणा, २×३×२×२ म्हणजे २४. त्या सगळ्यांची बेरीज (१+२)(१+३+९)(१+७१)(१+३१३) = ८८१७१२. यातून नंबर स्वतः वजा करायचा, मी हमखास विसरतो, राहिले ४८१६९८. हे ४०००१४ पेक्षा जास्त, म्हणून संख्या विपुल. कमी आलं असतं तर न्यून, तेवढंच आलं असतं तर परिपूर्ण, पण ती आशा सोडा, ८१२८ नंतरची परिपूर्ण संख्या थेट ३३५५०३३६ आहे, पिनकोडात बसतच नाही.

अजून एक, अंकांच्या बेरजेने, म्हणजे ९ ने, भाग जातो म्हणून ही हर्षद संख्या. हे नाव देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचं, त्यांनीच डेम्लो संख्यांना (१११ चा वर्ग १२३२१, तसल्या) डोंबिवली स्टेशनवरून नाव दिलं, तेव्हा डोंबिवलीकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

मग ब्रिज ओलांडून वेस्टला गेलो, ४०००२८. दोनदा २ ने गेला, उरले १००००७ आणि पुढे काहीच लागेना, कुर्ला गेलं घाटकोपर गेलं, शेवटी ९७ ला सुटला, म्हणजे शंभराच्या आतली अगदी शेवटची मूळ संख्या! ९७ × १०३१. विभाजक १२ च, स्वतःला सोडून बेरीज ३०७९२४, म्हणजे न्यून, अंकांची बेरीज १४ आणि १४ ने भाग जात नाही, म्हणजे हर्षदपण नाही.

वेस्टला राहणाऱ्या मामेभावाला हे लगेच पाठवलं. त्याचा रिप्लाय, "शिवाजी पार्क कुणाकडे आहे?"