हरणांच्या मागावर जाताना आधी पट्टी घ्या

पानगळ झाली की न्यू जर्सीत ग्रेट स्वॅम्प या वन्यजीव अभयारण्यात (रेफ्यूजमध्ये) मुलांना घेऊन पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या खुणा शोधायला जाणार असाल, तर पाणी, खाऊ, जादा मोजे हे सांगायला नको. वही आणि पेन्सिल घ्या, गारठ्यात बॉलपेन चालत नाही. आणि पट्टी. शाळेतली साधी सहा इंची. मागच्या वेळी नेमकी तीच घरी राहिली आणि नंतर बघतो तर फोनमध्ये ठशांचे ढीगभर फोटो, पण खूर मोठ्या हरणाचा की पाडसाचा हे एकातही सांगता येईना. मोठ्याचा ठसा दोन ते साडेतीन इंच भरतो, पण फोटोत सगळे सारखेच दिसतात. ठशाशेजारी पट्टी टेकवायची, फोन बरोबर वर धरायचा, मगच फोटो. बूट ठेवून भागत नाही. लेंड्यांपाशी पट्टी, खाल्लेल्या डहाळीपाशीही पट्टीच.

डहाळी मात्र नीट जवळून बघा, नखाने टोक चाचपा. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, ते फांदी ओढून तोडतं, त्यामुळे टोकाला धागे लोंबतात. चाकूने तिरकी कापल्यासारखी स्वच्छ असेल तर ते सशाचं काम. मुलांना हे एकदा हाताला कळलं की ती प्रत्येक झुडपापाशी थांबतात, वेळ त्या हिशोबाने ठेवा.

आता गोचीड. थंडी आहे म्हणून गोचीड नसते असं कृपा करून समजू नका, तापमान शून्याच्या वर गेलं की पूर्ण वाढलेल्या गोचिडी फिरतात आणि त्यांच्या चावण्यातूनही लाइम हा आजार होतो. पॅन्ट मोज्यांत खोचा, कपडे फिक्या रंगाचे घाला, परमेथ्रिन (गोचीड मारणारं औषध) आदल्या दिवशी कपड्यांवर मारून वाळवा, अंगावर नाही!

शिकारीचे दिवस आधी तपासा, तेव्हा ट्रेल बंद असू शकतात. भडक नारिंगी जॅकेट बिनधास्त घाला, हरणांना तो रंग नीट दिसत नाही, निळा चांगला दिसतो, म्हणून जीन्स नको. वारा तोंडावर येईल असं चाला, पाठीमागून आला तर वासावरून ती केव्हाच पळालेली असतात आणि तुम्हाला फार तर वर उचललेली पांढरी शेपटी दिसेल.

गळालेलं शिंग सापडलं तर पट्टी ठेवून फोटो, आणि शिंग तिथेच, रेफ्यूजमधून उचलून आणायचं नसतं. मे-जूनमध्ये गेलात आणि ठिपक्यांचं पाडस एकटं बसलेलं दिसलं तर हात लावू नका, आई लांब चरत असते, दूध पाजायला येते. (ते ठिपके चितळासारखे जन्मभर राहत नाहीत, शरदापर्यंत जातात.)

घरी आल्यावर कपडे सरळ ड्रायरमध्ये, हाय हीटवर १० मिनिटं, धुणं नंतर. काखा, गुडघ्यांमागे, केसांत गोचीड बघा, चिकटलेली असेल तर बारीक चिमट्याने सरळ वर ओढा. फोटोंना जागा-तारीख त्याच रात्री.