बुटका गहू, बुटका भात: जी.ए. पाजून पाहा

द्राक्षाच्या हंगामात जी.ए.ची (जिब्रेलिक ॲसिड, म्हणजे रोपाची वाढ करणारं जिब्रेलिन) एखादी एक ग्रॅमची पुडी घरोघर उरतेच. निफाडकडची माझी अकरावीची पोरं ती घेऊन येतात आणि आम्ही ती गव्हा-भाताला पाजतो. मेंडेलच्या वाटाण्यापेक्षा हे त्यांच्या डोक्यात लवकर शिरतं.

बियाणं चार तऱ्हेचं लागेल: बुटका गहू (लोक-१ चालेल), जुनी उंच खपली, बुटका 'जया' भात आणि उंच आंबेमोहर. खपली विचारून घ्या, हल्ली तिच्यातही बुटक्या जाती आल्यात.

जी.ए. पाण्यात धड विरघळत नाही. पुडी आधी १०० मिली स्पिरिटमध्ये पूर्ण विरघळवा, जवळपास काडी पेटवू नका. त्यातलं १ मिली एक लिटर पाण्यात घातलं की झालं १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दहा भाग. दुसऱ्या लिटरमध्ये नुसतं १ मिली स्पिरिट घाला. पोरं हे दुसरं पाणी हमखास टाळतात, मग फरक औषधाचा की स्पिरिटचा यावर वाद घालत बसतात.

मोड आलेले सारखे दाणे ओल्या टिपकागदावर, प्रत्येक जातीचे दोन कप: एकाला जी.ए.चं पाणी, दुसऱ्याला नुसत्या स्पिरिटचं. भात उबेला ठेवा, थंडीत तो हलत नाही. दुसरं-तिसरं पान आलं की दाण्यापासून उंच टोकापर्यंत पट्टीने मोजा.

जी.ए.च्या कपातला जया पिवळट, लांबुळका होऊन चक्क आडवा पडतो. आंबेमोहर आणि खपलीही ताणतात. बुटका गहू मात्र ढिम्म.

कारण जया आणि बुटका गहू, दोघांचं बुटकेपण वेगळं. जयाकडे तैवानच्या डी-जिओ-वू-जेन या बुटक्या भाताचा एसडी-१ जनुक आहे. त्यात जिब्रेलिन बनवणारं एक विकर (एन्झाइम) बिघडलेलं असतं, म्हणजे वाढीचा सांगावाच निघत नाही. आपण तो बाहेरून दिला की रोप उठतं. गव्हातले बुटकेपणाचे आरएचटी जनुक जपानच्या नोरिन-१० (१९३५) या गव्हातून आले. तिथे सांगावा पोचतो, पण वाढ रोखणारं डेला प्रथिन तो ऐकतच नाही, कारण ऐकायचा तुकडाच त्यात उरलेला नाही. याच जनुकांमुळे कोंबाचं आवरणही आखूड राहतं, म्हणून बुटका गहू ५ सेंटिमीटरहून खोल पेरू नये.

एखादा बुटका गहू ताणला, तर लगेच कपांची अदलाबदल झाली म्हणून पोरांना रागावू नका. आरएचटी-८ हा जनुकही गहू बुटका करतो, आणि तो जी.ए.ला दाद देतो.