अरफ्याच्या रोज्याची तयारी, ईदच्या गडबडीत हरवू नये म्हणून

बकरी ईद जवळ आली की घरात जो तो ईदचंच बोलतो, बकरा बघून झाला का, कसाई ठरला का, फ्रीजरमध्ये जागा आहे का, आणि ह्या सगळ्यात आदल्या दिवशीचा जो अरफ्याचा रोजा असतो तो मध्येच कुठेतरी चेंगरून जातो. रोजा ठेवतात बरेच जण, नाही असं नाही, पण दिवस जातो मिक्सरपाशी नाहीतर बाजारात. माझाही गेलाय. काही वर्षांपूर्वी दुपारपासून आलं-लसूण सोलत बसले होते, मग वाटण, मग मसाला, आणि मगरिबची म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाची अजान झाली तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत मसाल्यात, खजूर जावेने माझ्या तोंडात घातला. रोजा सुटला पण ज्या दुआसाठी हा दिवस असतो ती एक ओळसुद्धा मागून झाली नव्हती. त्या रात्री खूप रडू आलं. तेव्हापासून मी एकच नियम धरलाय, ईदची सगळी कामं जिलहज महिन्याच्या आठ तारखेच्या रात्रीपर्यंत आटपायची, नऊ तारीख रोज्याची. खाली जे लिहितेय ते सगळं त्याच हिशोबाने.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते, जिलहज हा इस्लामी वर्षाचा शेवटचा महिना, त्याच्या ९ तारखेला हाजी लोक मक्केपासून साधारण २० किलोमीटरवर अरफातच्या मैदानात जमतात, दुपार कलल्यापासून सूर्य बुडेपर्यंत तिथे थांबून दुआ मागतात, आणि हे थांबणं चुकलं तर हजच होत नाही. आपण जे घरी आहोत त्यांच्यासाठी त्या दिवशी रोजा आहे. फर्ज नाही, नफ्ल आहे, म्हणजे आपल्या खुशीचा, पण सही मुस्लिम ह्या ग्रंथात हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे की ह्या एका रोज्याने मागच्या वर्षाचे आणि येणाऱ्या वर्षाचे गुनाह माफ होण्याची उमेद आहे. हाजींनी मात्र हा रोजा ठेवायचा नाही, हुजूर म्हणजे पैगंबर मुहम्मद सल्लल्लाहु अलैहि वसल्लम स्वतः त्या दिवशी अरफातमध्ये उंटावर बसून सगळ्यांसमोर दूध प्यायले होते, म्हणजे कुणाच्या मनात शंका राहू नये.

तयारी सुरू होते ती चाँदपासून. जिलकद म्हणजे जिलहजच्या आधीचा महिना, त्याच्या २९ तारखेला संध्याकाळी मस्जिदीतून चाँदची खबर येते, ती आली की लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलने १ पासून १० पर्यंत आकडे टाकून घ्या, मनात ठेवू नका, मनात ठेवलं की एका दिवसाचा घोळ होतोच. आणि ज्यांच्या नावाने कुर्बानी आहे त्यांनी चाँद दिसायच्या आधीच केस आणि नखं कापून घ्यायची, कारण पहिल्या तारखेपासून कुर्बानी होईपर्यंत कापायची नाहीत असं हदीसमध्ये आहे. दरवर्षी आमच्याकडे कोणीतरी विसरतं आणि मग दहा दिवस वाढलेली नखं घेऊन फिरतं, म्हणून २९ ला मी नेलकटर सरळ जेवणाच्या टेबलावर ठेवते.

तारखेचा दुसरा घोळ सौदीचा. आमच्या खाडीकाठच्या गावात घरटी एक माणूस तरी आखातात आहे, माझा भाऊ कुवेतला आहे, त्यांची तारीख बहुतेक वर्षी आपल्या एक दिवस पुढे असते. २०२५ ला तिकडे अरफा ५ जूनला गुरुवारी होता आणि आपल्याकडे ईद ७ जूनला म्हणजे रोजा ६ जूनला शुक्रवारी. मग दरवर्षी तोच सवाल, हाजी तर काल अरफातमध्ये होते मग आपण आज कसला रोजा ठेवतोय? आपल्याकडचे बहुतेक उलेमा म्हणजे धर्माचे जाणकार सांगतात की आपल्या चाँदप्रमाणे जी ९ तारीख तोच आपला अरफा, नमाजाच्या वेळा जशा गावागणिक वेगळ्या तसंच हे. पण हाजी अरफातमध्ये असतात तोच दिवस धरायचा असं मानणारेही आलिम आहेत, म्हणून ह्यावर घरात वाद घालत बसू नका, जमत असेल तर दोन्ही दिवस ठेवा, कारण जिलहजच्या पहिल्या नऊ दिवसांत कधीही रोजा ठेवला तरी सवाब म्हणजे पुण्यच आहे. मी दोन्ही ठेवते. आदल्या दिवशी दुपारी भाऊ अरफातच्या मस्जिद-ए-नमिराचा हजचा खुतबा (प्रवचन) मोबाईलवर लावतो आणि आम्ही इकडे तोच ऐकतो, उर्दूतही येतो, आणि ते पांढऱ्या एहराममधले लाखो लोक बघून जे मनात होतं ते मला शब्दात नाही सांगता येत. दहा तारखेला मात्र चुकूनही रोजा नाही, ईदला आणि त्यापुढचे ११, १२, १३ हे तीन दिवस रोजा ठेवायला मनाई आहे, म्हणून तारीख पक्की करणं एवढं महत्त्वाचं.

शुक्रवार आला की अजून एक शंका निघते, फक्त जुम्म्याचा एकटा रोजा ठेवू नये म्हणतात ना? ते जुम्मा म्हणून खास ठेवण्याबद्दल आहे, अरफा जुम्म्याला आला तर रोजा अरफ्याचाच आहे. उलट हुजूरनी जो एकच हज केला, हिजरी १० मध्ये, त्यातला अरफा जुम्म्याचाच होता, आणि आज मी तुमचा दीन (धर्म) पूर्ण केला ही कुराणची आयत त्याच दिवशी उतरली.

आता औषधं. हे ईदच्या चार-पाच दिवस आधीच बघा, आदल्या रात्री नाही. शुगर असेल, बीपीची गोळी दिवसातून दोनदा असेल, इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना सरळ विचारायचं की जूनमध्ये साडेचौदा तासांचा उपास जमेल का, गोळीची वेळ सहरी (पहाटेचं खाणं) आणि इफ्तारवर (संध्याकाळी रोजा सोडणं) कशी बसवायची. बोटातून रक्त काढून शुगर बघितल्याने रोजा तुटत नाही, हे आमच्या अम्मीला पटवायलाच दोन वर्षं गेली, म्हणून मशीन हाताशी ठेवा. गरोदर बाईने, अंगावर पाजणारीने, नुकतंच ऑपरेशन झालेल्याने जबरदस्ती करू नये, नफ्ल आहे हा. ज्यांना रोजा नाही जमत त्यांना दुआ तर आहेच ना, ती कुठे गेलीये. आणि दिवसात तब्येत बिघडली तर तोडा, शाफई मजहबमध्ये (मजहब म्हणजे शरीयतच्या नियमांची परंपरा) नफ्ल तोडला तर कजा, म्हणजे बदल्यात नंतर रोजा ठेवणं, बंधनकारक नाही, हनफी मजहबचे असाल तर नंतर एक कजा ठेवायचा. बायकांचे रमजानचे राहिलेले रोजे असतात, ते ह्याच दिवशी कजाच्या नियतने (मनातल्या इराद्याने) ठेवले तर अरफ्याचा सवाब मिळतो का ह्यावर मतं वेगवेगळी आहेत, आपल्या मस्जिदीच्या मौलानांना आधीच विचारून घ्या. मला विचाराल तर हे रोजे पहिल्या आठ दिवसांतच उरकून टाका, डोक्याला ताप राहत नाही.

चहा. जे दिवसातून पाच कप पितात त्यांनी सहा तारखेपासून एकेक कप कमी करत यायचं, नाहीतर अरफ्याला दुपारी डोकं असं ठणकतं की तस्बीह (जपमाळ) हातात धरवत नाही. रमजानमध्ये दोन-तीन रोज्यांत अंगाला सवय होते, इथे एकच दिवस असतो, सवय व्हायला वेळच नाही.

कामांचं सांगते. वाटण-मसाला सात तारखेला, आलं-लसूण पेस्ट करून बरणीत, कांदा-खोबरं भाजून वाटून डब्यात आणि डबा फ्रीजमध्ये. फ्रीजर आठ तारखेला रिकामा, कारण कुर्बानीचं मटण तीन हिश्शांत जातं, घरचा, नातेवाईकांचा आणि गरिबांचा, त्याच्या पिशव्यांवर नावं तेव्हाच लिहून ठेवली तर ईदला दारात गर्दी होत नाही. सुऱ्यांना धार, ताडपत्री, वजनकाटा, बकऱ्याचा पाला, सगळं आठलाच. कपड्यांना इस्त्रीपण. रोजा असताना स्वयंपाक करायचाच झाला तर मीठ चाखणं टाळलेलं बरं हे लक्षात ठेवा, आमच्याकडे ते काम पुतण्याकडे आहे, वय वर्षं सात, वाटीत रस्सा घेऊन फुंकर मारतो आणि एकदम गंभीर चेहऱ्याने सांगतो की अजून अर्धा चमचा. बरोबर असतं त्याचं.

कोकणात जून म्हणजे पाऊस आणि पाऊस म्हणजे लाईट जाणार, २०२५ ला तर पाऊस मे मध्येच येऊन बसला होता. म्हणून आठ तारखेला रात्री मोबाईल फुल चार्ज, पॉवर बँक चार्ज, पंप बंद पडला तर वजूला (नमाजाआधी हात-तोंड-पाय धुवायला) पाणी हवं म्हणून हंडे-पिंप भरून, गॅसपाशी माचीस आणि टॉर्च. अलार्म दोन फोनवर लावा. इस्लामी वर्ष १०-११ दिवसांनी लहान असल्याने हा दिवस दरवर्षी मागे सरकतो, आता मे मध्ये शिरतोय, मग पावसाऐवजी उन्हाचा विचार करायला लागेल, तेव्हा दुपारची बाहेरची कामं अजिबात नको.

सहरी चुकवू नका, उठायचा कंटाळा येतो खरा पण उठा, त्यात बरकत आहे. आमच्या बाजूला जूनच्या सुरुवातीला फजरची म्हणजे पहाटेच्या नमाजाची वेळ साडेचार-पावणेपाचच्या मध्ये लागते, नक्की मिनिटं मस्जिदीच्या तक्त्यावर बघा, मी पावणेचारला उठते. खायचं काय तर जे पोटात टिकेल ते. तांदळाची भाकरी आणि अंडं, नाहीतर नाचणीची आंबील, वर दही, एक केळं, दोन खजूर. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात आणि घरोघरी सुकट-बोंबीलच चालू असतं, ते सहरीला अजिबात नको, लोणचं-पापडही नको, जोहर (दुपारचा नमाज) व्हायच्या आत घसा कोरडा पडतो. पाणी एकदम लिटरभर ढोसून उपयोग नाही, रात्री ईशापासून थोडं थोडं पीत राहा. नियत मनातच करायची असते, आणि डोळाच उघडला नाही तरी रोजा गेला असं समजू नका, फजरपासून काही खाल्लं-प्यायलं नसेल तर नफ्ल रोज्याची नियत दुपारच्या आधीपर्यंत करता येते.

त्याच फजरपासून तकबीर-ए-तश्रीक म्हणजे नमाजानंतर म्हणायचे अल्लाहच्या मोठेपणाचे शब्द सुरू होतात, ९ च्या फजरपासून १३ च्या असरपर्यंत (दुपार उतरल्यावरचा नमाज) प्रत्येक फर्ज नमाजानंतर, २३ नमाज होतात. अल्लाहु अकबर अल्लाहु अकबर, ला इलाहा इल्लल्लाहु वल्लाहु अकबर, अल्लाहु अकबर व लिल्लाहिल हम्द. घरात नमाज पढणाऱ्या बायका हमखास विसरतात, मी कागदावर लिहून मुसल्ल्यासमोरच्या (नमाजाच्या चटईसमोरच्या) भिंतीला चिकटवते.

२०२५ ला आमच्या रोज्याच्याच दिवशी निर्जला एकादशी होती. शेजारच्या काकू ती धरतात, सकाळी कुंपणापाशी भेटल्या तर म्हणाल्या, "अगो, तुझंही पाणी नाही ना आज?" म्हटलं नाही काकू. मग म्हणाल्या, "तुझं संध्याकाळी सुटेल, माझं उद्या." दुपारी पाऊस थांबल्यावर आम्ही दोघी पडवीत बसलो होतो, फार बोललो नाही, तोंड सुकलेलं दोघींचं, पण बरं वाटलं.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं, ती दुआची वही. शाळेची शंभर पानी वही घ्या आणि पहिल्या तारखेपासून त्यात नावं लिहायला लागा. ऐन वेळी हात वर केले की डोकं रिकामं होतं, आठवतं ते फक्त आपलं स्वतःचं. माझ्या वहीत आधी गेलेल्यांची नावं, दादी, अब्बा, मामू, मग आजारी, मग ज्यांचं लग्न अडलंय, ज्यांच्या पोराला नोकरी नाही, ज्यांनी सांगितलं की आमच्यासाठी माग, मग ज्यांच्याशी माझं बोलणं बंद आहे. ती शेवटची नावं लिहिताना पेन थांबतं. एका वर्षी एक नाव लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, आणि आठ तारखेला रात्री त्या घरी फोन केला. तयारीत हे पण धरा, कुणाचं देणं असेल, कुणाला दुखावलं असेल तर अरफ्याच्या आधी फोन करून टाका.

असरनंतर मोबाईल दुसऱ्या खोलीत. इफ्तारची प्लेट असरच्या आधीच लावून झाकून ठेवायची, खजूर, कापलेलं कलिंगड नाहीतर केळी, भिजवलेला सब्जा, कोकमचं सरबत, तळण काही नको त्या दिवशी, भज्यांच्या कढईपाशी उभं राहण्यात तोच मोलाचा तास जातो. घरातल्या पुरुषांनाही आधीच सांगून ठेवा की साडेपाचनंतर कोणी चहा मागणार नाही. वजू करून मुसल्ल्यावर बसा, वही मांडीवर. सगळ्यात चांगली दुआ अरफ्याच्या दिवसाची, आणि त्यात हुजूरनी आणि त्यांच्या आधीच्या नबींनी जे म्हटलं ते हे: ला इलाहा इल्लल्लाहु वह्दहू ला शरीक लहू, लहुल मुल्कु व लहुल हम्दु व हुव अला कुल्लि शैइन कदीर. हे म्हणत राहायचं, मध्ये मध्ये एकेक नाव घ्यायचं, आपल्या मराठीत मागा, कोकणीत मागा, अरबी येत नाही म्हणून गप्प बसू नका. बाहेर बकरा ओरडत असतो, पोरं त्याला पाला घालत असतात, उजेड कमी होत जातो आणि शेवटची दहा मिनिटं कशी जातात कळत नाही.

मगरिब सव्वासातच्या आसपास. खजूर, पाणी, नमाज, आणि मग नीट जेवा, पेज-भात-डाळ असं हलकं पण पोटभर, कारण बकरी ईदला सकाळी नमाजाच्या आधी न खाणं सुन्नत आहे, पहिला घास कुर्बानीच्या मटणाचा, आमच्याकडे कलेजीचा, आणि तो ताटात पडायला दहा-साडेदहा होतात. म्हणून रात्री झोपताना उशाशी पाण्याचा तांब्या ठेवा आणि वही कपाटात वरच्या फळीवर, पुढच्या वर्षी त्याच वहीत पुढचं पान.