गुरं वळणाऱ्या जातीचं कुत्रं घरात असेल तर

चांदी आमच्याकडे आली तेव्हा अडीच महिन्यांची होती. काळी पाठ, पांढरी छाती आणि कपाळावरून नाकापर्यंत उतरलेला पांढरा पट्टा, म्हणून नाव चांदी. मुलानं हौसेनं पुण्याहून आणली आणि सहा महिन्यांत तो नोकरीला बेंगळूरला गेला. तेव्हापासून उचगावच्या घरात ती आणि मी. आता ती सहा वर्षांची आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं कुणी बॉर्डर कॉली आणायच्या विचारात असेल, किंवा आणून हैराण झालं असेल, त्यांच्यासाठी मला उशिरा कळलेलं सगळं लिहिते आहे.

आधी जात ओळखा. ही इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरची मेंढपाळांची कुत्री. नॉर्थम्बरलंडमध्ये १८९३ साली ओल्ड हेम्प नावाचा कुत्रा जन्मला. तो फारसा न भुंकता, नुसती नजर रोखून मेंढ्या वळवायचा. आजच्या बहुतेक बॉर्डर कॉलींचं मूळ त्याच्यापर्यंत जातं. आपल्या धनगरांची कुत्री निराळी. ती रात्री वाघरीबाहेर, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीबाहेर, बसून लांडग्यापासून मेंढरं राखतात. राखणं आणि वळणं ही दोन वेगळी कामं आहेत. चांदीच्या रक्तात वळणं आहे. वळायला मेंढरं नसली की ती कोंबड्या वळते, पाहुण्यांची पोरं वळते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मोटारसायकली वळायला धावते.

ती दीड वर्षाची असताना भातकापणी झालेल्या शिवारात मेंढरं बसवली होती. पट्टा हातातून निसटला. चांदी पोट जमिनीला टेकवून, मान खाली घालून सरकत गेली आणि बघता बघता तिनं सगळी मेंढरं बांधाच्या कोपऱ्यात दाबून धरली. मला क्षणभर कौतुकच वाटलं. धनगर मात्र काठी घेऊन धावत आला. "अक्का, कुत्री आवरा की! मेंढरं गाभण हायत, दबकली तर गाभडतील." त्याचं खरं होतं. शिकवण नसलेलं कुत्रं मेंढरांना फक्त घाबरवतं. त्या दिवसापासून मोकळ्या रानात ती लांब दोरीवरच असते, आणि तुमचीही असू द्या. दहा मीटरची सुती दोरी, गळ्याला नको, छातीच्या पट्ट्याला बांधायची.

लोक सांगतात, खूप पळवा म्हणजे दमेल. मीही वर्षभर तेच केलं. सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर, वर चेंडू. झालं काय, तर तिचा दमसास वाढला आणि घरातली धुसफूस आहे तशीच राहिली. त्यातून चेंडूचा धोका वेगळा. ही जात आपणहून थांबत नाही. एप्रिलात एकदा दहा-बारा वेळा चेंडू टाकला तर तिचे मागचे पाय लटपटायला लागले, नजर शून्यात गेली. सावलीत आडवी केली, पोटाला आणि पायांना पाणी लावलं, पंखा लावला, तेव्हा अर्ध्या तासानं सावरली. उन्हाळ्यात फिरणं उजाडायच्या आत आणि दिवेलागणीनंतर. डांबरावर तळहात टेकून बघा. तुमच्या हाताला सोसत नसेल तर तिच्या पंजालाही सोसत नाही.

तिला डोक्याचं काम लागतं. अमेरिकेत चेसर नावाच्या बॉर्डर कॉलीनं १,०२२ वस्तूंची नावं शिकली होती, म्हणजे त्या डोक्याची भूक केवढी ते बघा. मी घरातल्याच गोष्टींपासून सुरुवात केली. लाकडी रवी, जुनी चप्पल, नारळाची करवंटी. एकेक नाव आठवडाभर. ते पक्कं झालं की वस्तू गवताच्या गंजीमागं लपवायची आणि "करवंटी आण" म्हणायचं. पंधरा मिनिटं हा खेळ झाला की ती गोणपाटावर जाऊन पडते. जेवणही ताटलीत वाढण्याऐवजी निम्मं अंगणात पसरून देते, नाकानं शोधू दे.

आज्ञा देताना मात्र आपल्या भागात एक घोळ होतो. मी "ये" म्हणायची, मुलगा फोनवरून "कम", आणि शेजारच्या अज्जी "बा, बा इल्ली". तिन्ही भाषा एका कुत्रीच्या डोक्यात. ती मधेच उभी राहून एकेकाच्या तोंडाकडं बघायची. शेवटी आम्ही सगळ्यांनी बसून ठरवलं. बोलवायला "बा", कारण दिवसा ती अज्जींच्या ओट्यावरच जास्त असते. उभं राहायला "थांब". आणि काम संपलं हे सांगायला "पुरे". एका कामाला एकच शब्द, मग तो कानडी असो की मराठी, घरात येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनी तोच वापरायचा.

या तिघांत "थांब" सगळ्यात मोलाचा. तो अंगणात शिकवा, मग फाटकाशी, मग रस्त्यापासून लांब उभं राहून. गाडीचा आवाज आला की तिची मान खाली जाते, कान पुढं येतात, एक पंजा उचलला जातो. तेवढ्या क्षणातच "थांब" म्हणायचं आणि वळून बघितलं की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. ती धावली की मग हाका मारून काही उपयोग नसतो. आम्हाला चार महिने लागले.

आता केस. तिला दुहेरी अंगरखा आहे, वर लांब राठ केस, खाली मऊ लोकर. मी पहिल्या उन्हाळ्यात उकडेल म्हणून एका दुकानात तिचे केस मशीननं काढून घेतले. पाठ उन्हानं लालभडक झाली. पुन्हा आले ते खालची लोकर आधी, वरचे केस मागाहून, ठिगळं लावल्यासारखे. नीट व्हायला दीड वर्ष गेलं. वरचे केस ऊन अडवतात. ते कापू नका, फक्त विंचरा. वेणी घालताना भांग पाडतो तसा केसांचा भांग पाडायचा, कातडी दिसली पाहिजे, आणि एकेक ओळ आधी तारेच्या ब्रशनं, मग स्टीलच्या फणीनं. कानांमागं, काखेत आणि मांड्यांच्या मागच्या झुपक्यांत गुंता हमखास सापडतो. आठवड्यातून तीनदा. वरवर ब्रश फिरवलात तर वरून चकचकीत दिसतं आणि खाली गोळे होतात.

पावसाळ्यात आपल्याकडं चार महिने कुत्रं खऱ्या अर्थानं कोरडं होतच नाही. फिरून आलं की जुन्या सुती लुगड्यानं टिपून घ्या, मग पंख्याखाली. ओल राहिली की चट्टा पडतो आणि रात्रीत तळहाताएवढा होतो. भाताच्या चिखलात उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा जिवाणूंचा आजार होतो, म्हणून त्याची लस रेबीजच्या लशीबरोबर दरवर्षी चुकवू नका.

पाऊस सरला की कुसळं. दिवाळीच्या सुमारास चांदी डाव्या पुढच्या पायाची दोन बोटं सारखी चाटायला लागली. वर काही दिसेना. केस बाजूला केले तर टाचणीच्या टोकाएवढं भोक, आत ओलसर. डॉक्टरांनी चिमट्यानं ओढलं तर अख्खं कुसळ निघालं, टोकाला काटेरी. त्याचे केस उलटे असतात, त्यामुळं ते आतच सरकतं. आता दसऱ्यापासून माघापर्यंत रोज बोटांच्या बेचक्या, कान, काख हातानं चाचपते. बोटांमधले केस मात्र कात्रीनं बारीक ठेवा.

गोचिडांबद्दल ठामपणे सांगते. आपल्याकडं गोचिडाला आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन सर्रास देतात. कॉलीच्या वंशात एमडीआर१ नावाचा जनुकीय दोष काहींना असतो. अशा कुत्र्याला त्या डोसनं झटके येतात, जीवही जातो. प्रत्येक बॉर्डर कॉलीत तो नसतो, पण दिसण्यावरून ओळखता येत नाही. म्हणून डॉक्टरांना आधीच जात सांगा आणि गोचिडासाठीच्या गोळ्यांबद्दल विचारा. गोठ्यातल्या जनावरांना ते औषध दिलं असेल तर त्यांचं शेणही तोंडात जाऊ देऊ नका. ही गोष्ट आमच्या घरातल्या गड्याला समजावायला मला दोनदा सांगावं लागलं, तुम्हीही सांगा.

खाण्यात भाकरी, भात, अंडं, चिकन, दही चालतं. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं नाहीत. पाहुणे प्रेमानं कुंदा भरवतात, तो नम्रपणे पण नक्की नाकारा.

आणि आवाज. या जातीचे कान फार हळवे. शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आणि गणपती विसर्जन जवळ आलं की मी दोन आठवडे आधी ढोलाचा आवाज फोनवर अगदी हळू लावते आणि सोबत तिला खाणं देते, मग थोडा थोडा वाढवते. विसर्जनाच्या रात्री मधली खोली, खिडक्यांना जाड गोधड्या, पंखा मोठ्यावर, आणि तिच्या गोणपाटाशेजारी माझी चटई. पहाटे चारच्या सुमारास ती डोकं माझ्या पायावर ठेवते. तोवर मी हलत नाही.