लाल मिरचीच्या तोड्याआधी

दिवाळी सरली की खान्देशातल्या मिरचीला लाली चढते. नंदुरबारच्या बाजारात ओल्या लाल मिरचीच्या गाड्या लागतात आणि गावाबाहेरच्या पथाऱ्या, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या जागा, लाल होतात. तिथे व्यापाऱ्यांकडे जागा असते, मजूर असतात, ताडपत्र्या असतात. घरामागे चार वाफे किंवा वावराच्या बांधाला दोन ओळी मिरची लावून वर्षाचं तिखट घरचंच करायचं म्हटलं, तर हे सगळं आपल्यालाच जमवावं लागतं, आणि तेही पहिली मिरची तोडण्याआधी. झाडावर मिरची कितीही छान पिकली असो, तिखटाचा रंग आणि वास तोड्यानंतरच्या पंधरवड्यात ठरतो.

आधी हिशेब करा. शंभर किलो ओल्या लाल मिरचीतून पंचवीस ते पस्तीस किलो वाळकी मिळते. घराला चार किलो वाळकी पुरत असेल, तर बारा ते सोळा किलो ओली लाल हाताशी हवी. झाडांकडे बघून तेवढी निघेलसं वाटत नसेल, तर हिरवी तोडणं आताच थांबवा. ठेच्यापुरत्या चार ठेवा, बाकीच्या पिकू द्या. फवारणीही तोड्याच्या किमान पंधरा दिवस आधी बंद करायची. औषधाच्या डब्यावर यापेक्षा जास्त दिवस लिहिले असतील तर तेवढे दिवस थांबायचं. ही मिरची आपल्याच लेकरांच्या ताटात जाणार आहे, इथे तडजोड नको.

तोड्याचा दिवस कोरडा निवडा, आणि सकाळचं दहिवर पूर्ण उडाल्यावरच वाफ्यात उतरा. मिरची पूर्ण लाल आणि किंचित सुरकुतलेली हवी. तेवढं पाणी झाडावरच कमी झालेलं असतं, म्हणजे पुढची निम्मी धास्ती कमी. देठासकट तोडा. देठ निघाला की तिथे तोंड उघडं पडतं आणि बुरशीला वाट मिळते. सोबत दोन टोपल्या न्या, एक चांगल्या मिरचीची, दुसरी काळे खोलगट डाग पडलेल्या, किडक्या, फुटलेल्या मिरचीची. ही निवड वाफ्यातच करावी, घरी आल्यावर सगळं एकत्र होतं. हातमोजे नसतील तर हाताला आधी गोडं तेल चोळा. मिरचीतला झोंबणारा घटक पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून काम झाल्यावरही आधी तेल, मग साबण. लहान मुलांना त्या दिवशी दूरच ठेवा.

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग. तोडलेली मिरची थेट उन्हात टाकू नका. घरात किंवा ओसरीवर, सावलीत, गोणपाटावर दोन-तीन दिवस ढीग करून ठेवा. अर्धवट रंगलेल्या मिरच्या या काळात सारख्या लाल होतात. घाईने उन्हात टाकल्या तर त्या तशाच फिक्या वाळतात आणि तिखटाचा रंग उतरतो. ढिगात रोज हात घालून बघा. आत गरम किंवा ओलसर लागलं तर लगेच पसरून हवा द्या.

वाळवायला जागा उंच आणि स्वच्छ हवी. सिमेंटची गच्ची उत्तम. जुन्या घराचं धाबं असेल तर मातीवर थेट नको, खाली ताडपत्री किंवा धुतलेली जुनी चादर. खाटेवर कापड टाकलं तर खालूनही वारा लागतो, घरापुरत्या मिरचीला मला हेच सगळ्यात आवडतं. थर दोन-तीन इंचांपेक्षा जाड नको. दिवसातून दोन-तीनदा परता. कोंबड्या, कुत्री, शेळ्या यांचा बंदोबस्त आधीच बघून ठेवा.

खान्देशात नोव्हेंबर-डिसेंबरचं दुपारचं ऊन कडक असतं, त्यामुळे दिवसाची काळजी फारशी नाही. काळजी रात्रीची. संध्याकाळी ऊन उतरायच्या आत मिरची गोळा करून ढीग करा आणि ताडपत्रीने झाका. सकाळी दव सुकलं की पुन्हा पसरा. दव बसलेली मिरची पांढरी पडते, बाजारात तिला फटकी म्हणतात. तिच्यात रंगही नाही आणि चवही नाही. वाईट म्हणजे ओलाव्यात वाढणारी बुरशी अफलाटॉक्सिन नावाचं विष सोडते. ते कुटून जात नाही, फोडणीत घालूनही जात नाही. म्हणून आतून काळी-पांढरी बुरशी दिसलेली मिरची ‘थोडीशीच आहे’ म्हणून ढिगात ठेवू नका. आभाळ भरून आलं तर संध्याकाळची वाट न बघता आत घ्या. जास्तीची एक ताडपत्री आणि ओसरीची रिकामी जागा यासाठीच राखून ठेवायची.

उन्हाप्रमाणे दहा ते पंधरा दिवसांत मिरची वाळते. हलवली की आत बी खुळखुळतं, दुमडली की कडकन मोडते. चामड्यासारखी वाकत असेल तर अजून दोन दिवस ऊन द्या. ओलावा दहा-अकरा टक्क्यांपेक्षा जास्त राहिला तर साठवणीत धोका असतो, आणि घरी यंत्र नसताना हा खुळखुळाटच आपलं माप. रंग टिकावा म्हणून काही जण पाण्याचा किंवा तेलाचा हात फिरवतात, ते अजिबात करू नका.

साठवायला कोरडी बरणी किंवा आत प्लास्टिकची पिशवी घातलेलं पोतं. पोतं भिंतीपासून दूर, फळीवर, अंधारात. उजेडाने लाली उडते. गरम मिरची लगेच भरू नका, सावलीत निवू द्या. महिन्यातून एकदा उघडून वास घ्या. फुले ज्योतीसारखं सरळ वाण लावलं असेल, तर निरोगी झाडाच्या मूठभर मिरच्या बियाण्यासाठी वेगळ्या बांधून ठेवा. संकरित वाणाचं बी राखण्यात अर्थ नाही. कांडपाला न्यायच्या आदल्या दिवशी मिरचीला पुन्हा एक कडक ऊन द्या, देठं त्याच दिवशी खुडा आणि कांडप करणाऱ्याला आपल्याआधी कुणाचा मसाला कुटला ते विचारून घ्या.