काऊ-चिऊची गोष्ट स्टॉप-मोशनमध्ये: 'मिस्टर फॉक्स'च्या युक्त्या घरच्या टेबलावर

रोआल्ड डालच्या 1970च्या छोट्याशा पुस्तकावरून वेस अँडरसनने 2009मध्ये 'फँटॅस्टिक मिस्टर फॉक्स' हा स्टॉप-मोशन सिनेमा केला, म्हणजे बाहुली थोडी थोडी हलवून दर वेळी फोटो घ्यायचा आणि ते फोटो सलग दाखवायचे. मोजूनमापून रचलेल्या चौकटींचा हा दिग्दर्शक बाहुल्या घेऊन मुलांचा सिनेमा कसा करणार, अशी शंका येते खरी. पण 87 मिनिटं आजोबांपासून नातवापर्यंत सगळे हसतात. शिवाय त्यातल्या बऱ्याच युक्त्या फोन आणि कापूस एवढ्यावर घरी करता येतात.

आधी गोष्ट. पुस्तकात कोल्ह्याला चार पिल्लं आहेत; सिनेमात एकच, अ‍ॅश, आणि त्याला झाकोळून टाकणारा चुलतभाऊ. तीन शेतकरी, त्यांचा वेढा आणि जमिनीखालचं खोदकाम मात्र जागच्या जागी आहे. तेच सूत्र धरा: गाभा हलवायचा नाही, पात्राला एक सल द्यायचा. सरावाला काऊ-चिऊची गोष्ट उत्तम. "चिऊताई, चिऊताई, दार उघड" आणि "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते" ही जुगलबंदी ठेवा; काऊला आपल्या शेणाच्या घराचा फार अभिमान होता, एवढंच वर घाला. पहिल्या खेपेला 20 सेकंदांपेक्षा जास्त नको.

फोटो काढण्याआधी आवाज रेकॉर्ड करा. या सिनेमाचे बरेचसे संवाद स्टुडिओबाहेर, अमेरिकेतल्या कनेटिकटमधल्या एका शेतावर रेकॉर्ड झाले. नट तिथे खरोखर धावले, म्हणून त्यांची धाप खरी वाटते. तुम्हीही काऊचा आवाज देणाऱ्याला खरं दार वाजवायला लावा. पंखा बंद ठेवा, फोन तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला धरा.

बाहुली 15 सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. सांगाड्याला दीड मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची तार दुहेरी पिळून घ्या. जीआय (जस्ताचा थर दिलेली लोखंडी) तार वाकवली की थोडी मागे उसळते, म्हणून पोझ टिकत नाही. बारीक तांब्याची तार वारंवार वाकवल्यावर तुटते. पंजे एम-सीलचे करा आणि ओलं असतानाच त्यात टाचणी टोक खाली ठेवून रोवा. रात्रभर वाळलं की पंजे कार्डशीटने झाकलेल्या थर्माकोलमध्ये घट्ट उभे राहतात. बाहुली पडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे जड डोकं, तेव्हा ते थर्माकोलच्या गोळ्याचंच करा. चोची कागदाच्या तीन: मिटलेली, अर्धी, उघडी. 'म' आणि 'प' आला की मिटलेली लावायची. चोच आवाजाच्या एक फोटो आधी उघडली तर बोलणं जास्त जुळतं.

खिडकीतून येणारा प्रकाश सगळ्यात जास्त घात करतो. ढग सरकला की चित्र लुकलुकतं, म्हणून पडदे ओढून दोन दिव्यांवरच काम करा. फोनचा फोकस, एक्स्पोजर (उजेड), व्हाइट बॅलन्स (रंगछटा) तिन्ही लॉक करा. एलईडीखाली पट्टे दिसले तर मॅन्युअल मोडमध्ये शटर 1/50 सेकंद ठेवा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे. पांढरा शर्ट घालून टेबलाशी उभं राहू नका, त्याचा उजेड सेटवर पडतो. फोटो ब्लूटूथ रिमोटने घ्या, कारण बोट लागलं की फोन हलतो.

आता वेग. सिनेमाचा पडदा सेकंदाला 24 चौकटी दाखवतो, पण 'मिस्टर फॉक्स'मध्ये मुख्यतः दर दोन चौकटींना एक पोझ आहे, म्हणजे सेकंदाला 12. त्यामुळे हालचालीला हातकामाचा खडबडीत ठसका येतो. तुमच्या 20 सेकंदांना 240 फोटो लागतील. पापणी लवायला तीन फोटो पुरतात: अर्धी, मिटलेली, अर्धी. दार ठोठावताना पंख मागे न्यायला दोन, आपटायला एक, थबकायला दोन. आपटण्याला तीन फोटो दिले की ठोठावणं कुरवाळण्यासारखं दिसतं!

"थांब" म्हटल्यावर काऊ आठ ते बारा फोटो नुसता उभा राहू द्या. हसू तिथेच पिकतं. या थांब्यात एकच फोटो कॉपी करून चिकटवू नका. कोल्ह्याची फर अ‍ॅनिमेटरच्या बोटांनी सतत थरथरताना दिसते, ती मुद्दाम तशीच ठेवली होती. तुमच्या बाहुलीवरच्या लोकरीलाही दर फोटोला हलका स्पर्श होऊ द्या, नाहीतर पाखरू अचानक गोठल्यासारखं वाटतं.

धुरासाठी त्या सिनेमात कापूस वापरला, पाण्यासाठी क्लिंग फिल्म. पावसाला क्लिंग फिल्मच्या अरुंद पट्ट्या टांगा आणि दर फोटोला बोटभर खाली सरकवा. चिंब काऊच्या चोचीवर ग्लिसरीनचा थेंब ठेवा; साधं पाणी दिव्याखाली सुकून जातं. शेणाचं घर प्लॅस्टिसिनचं, म्हणजे न वाळणाऱ्या मऊ मातीचं करा आणि दर फोटोला वरून चिमूटभर दाबत न्या. शाडू नको, उष्णतेने त्याला भेगा पडतात. लांबच्या शॉटसाठी अंगठ्याएवढा कागदी काऊ चालतो. कोल्ह्याच्याही लहानमोठ्या आकारांच्या बाहुल्या होत्या.

स्टॉप मोशन स्टुडिओ अ‍ॅपमध्ये 'ओनियन स्किन' चालू ठेवा म्हणजे मागची पोझ पुसट दिसत राहते. एखाद्या फोटोत हात दिसला तर तो फोटो लगेच काढून टाका. शेवटी शोधायला बसलात तर आवाज पुन्हा जुळवावा लागतो. एक्सपोर्ट करताना वेग 12च आहे ना ते बघा. 24 निवडला गेला तर काऊ दुप्पट वेगाने दार बडवेल आणि आवाज मागे पडेल.