बोनेटखालची प्लॅस्टिकची कव्हरे काढताय? या चुका टाळा

एप्रिल लागला की अमळनेरच्या माझ्या गॅरेजमध्ये दर आठवड्याला कोणीतरी हाच प्रश्न घेऊन येतो की, इंजिनावरचे प्लॅस्टिकचे कव्हर काढून टाकले तर गाडी कमी तापेल का. खान्देशातला पारा ४५ अंशांना टेकतो, त्यामुळे हा प्रश्न पडण्यात काहीच गैर नाही. गैर घडते ते पुढे. उत्तराची वाट न पाहता पान्हा हातात घेतला जातो आणि बोनेटखाली जेवढे काळे प्लॅस्टिक दिसेल तेवढे उतरवले जाते.

सगळी कव्हरे सारखीच समजणे

बोनेट उघडताच नजरेत भरते ते कंपनीचे नाव असलेले वरचे कव्हर. बहुतेक गाड्यांत ते रबरी बुशांवर दाबून बसवलेले असते आणि त्याच्या आतल्या बाजूला फोम असतो. इंजेक्टरची व हाय-प्रेशर पंपाची टकटक दाबणे आणि खालच्या वायरिंगवर धूळ व पाणी थेट पडू न देणे, एवढेच त्याचे काम. ते काढले तर डिझेल गाडीचा आवाज वाढेल, पण गाडी अडणार नाही. काही गाड्यांत मात्र एअर फिल्टर याच कव्हरच्या आत असतो. तिथे कव्हर काढून गाडी चालवली तर न गाळलेली धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते.

रेडिएटरच्या वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची गोष्ट अगदी निराळी आहे. समोरून येणारी हवा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी) आणि रेडिएटर यांच्या जाळीतूनच जावी म्हणून त्या लावलेल्या असतात. त्या नसतील तर हवा जाळीला वळसा घालून निघून जाते, आणि गाडी उभी असताना फॅनने मागे टाकलेली गरम हवा फिरून पुन्हा पुढे ओढली जाते. इंजिनाखालचे गार्डही चिखल आणि दगड अडवण्याबरोबरच हवेची वाट ठरवत असते.

पारोळ्याच्या एका कापूस व्यापाऱ्यांची डिझेल गाडी मी कधीच विसरणार नाही. मे महिन्याच्या सुरुवातीला त्यांनी कोणाच्या तरी सांगण्यावरून वरचे कव्हर, रेडिएटरच्या पट्ट्या आणि खालचे गार्ड, असे सगळेच काढून टाकले. आठवड्याभरात जळगावच्या गर्दीत एसी गरम हवा देऊ लागला, आणि पुढच्या रविवारी चाळीसगावहून कन्नड घाट चढताना तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकला. एका ठिकाणी त्यांचा थर्मोस्टॅट (कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) बदलण्यात आला, दुसऱ्या ठिकाणी कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, बदलून एसीत गॅस भरण्यात आला, पण काटा काही खाली येईना. माझ्याकडे आले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "भाऊ, गाडी तापी ऱ्हायनी." बोनेट उघडल्यावर रेडिएटरच्या बाजूला माझा हात आरपार जाईल एवढी फट दिसली. काढलेले भाग कुठे आहेत असे विचारले, तर ते गच्चीवर पडले होते आणि उन्हाने त्यांतली एक पट्टी धनुष्यासारखी वाकली होती. ती पट्टी नवी आणली, बाकीचे सगळे भाग होते तसे बसवले, आणि कंडेन्सरच्या जाळीत अडकलेली जिनिंगची रुई मऊ ब्रशने काढली. त्याच आठवड्यात ते पुन्हा घाट चढून गेले आणि काटा मधोमध स्थिर राहिला. पैसे गेले त्याचे मला वाईट वाटले, पण चांगला थर्मोस्टॅट काढून फेकला गेला याचे अधिक वाईट वाटले.

कव्हर काढल्याने इंजिन थंड होते, असे मानणे

इंजिनाची उष्णता कूलंटमार्फत रेडिएटरकडे जाते आणि तिथून हवेत सोडली जाते. थर्मोस्टॅट साधारणपणे ८० ते ९० अंशांदरम्यान उघडू लागतो, आणि त्यानंतरचे काम रेडिएटर व फॅन सांभाळतात. या साखळीत वरच्या कव्हरला स्थान नाही. शंका असेल तर गाडीच्या सेन्सरचे आकडे दाखवणारा स्कॅनर जोडा, त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, एकदा कव्हरसह आणि एकदा कव्हराविना गाडी चालवा आणि कूलंटचे तापमान पाहा. मी हे अनेक गाड्यांवर करून पाहिले आहे आणि आकड्यांत दखल घेण्याजोगा फरक मला आढळलेला नाही. गाडी खरोखर तापत असेल तर आधी कूलंटची पातळी, रेडिएटरचे झाकण, फॅन आणि जाळीतली रुई तपासावी, असा माझा आग्रह आहे. आपल्या भागात हंगामात रस्त्यांवर कापूस उडत असतो, त्यामुळे शेवटची गोष्ट मी कधीही वगळत नाही.

घाईने ओढून काढणे

नवशिक्यांच्या हातून सर्वाधिक नुकसान इथेच होते. कव्हराची एक कड धरून हिसका दिला की रबरी बुश निसटून इंजिनाच्या खाचेत पडते किंवा कव्हराची प्लॅस्टिकची खोबण तडकते. गाडी बंद केल्यावर मी अर्धा तास थांबतो, बुशाच्या अगदी जवळ दोन्ही हातांनी धरतो, आणि एकेक कोपरा सरळ वर उचलतो. रेडिएटरच्या पट्ट्यांच्या क्लिपांची मधली खीळ आधी वर घ्यावी लागते; तसे न करता पेचकसाने उपसल्या तर त्या पुन्हा धरत नाहीत. निघालेली प्रत्येक क्लिप मी स्टीलच्या डब्यात ठेवतो, आणि खालच्या गार्डचे बोल्ट ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने पुठ्ठ्यात खोचून ठेवतो, कारण त्यांची लांबी नेहमी सारखी नसते.

तुटलेल्या क्लिपेच्या जागी केबल टाय लावण्याची सवय मला मुळीच मान्य नाही. टाय सैल झाला की कव्हर खाली झुकते, टर्बोच्या किंवा एक्झॉस्टच्या गरम भागाला टेकते आणि वितळते. क्लिप फार महाग नसते, आणि तिच्यासाठी एक दिवस थांबणे कोणालाही शक्य आहे.

थोडक्यात सांगण्याजोग्या चुका

कव्हर काढून प्रेशरच्या पाण्याने इंजिन धुऊ नये. पेट्रोल गाडीत प्लगच्या खड्ड्यात पाणी साचते आणि गाडी मिसफायर करू लागते, म्हणजे झटके देत चालते. टायमिंग बेल्टचे आणि फ्यूज बॉक्सचे झाकण कोणत्याही सबबीवर कायमचे काढू नये. वायपरखालचे प्लॅस्टिक काढले तर काचेवरचे पावसाचे पाणी ठरलेल्या वाटेने न जाता इंजिनावर उतरते. कव्हराखाली फडके विसरणे ही तर आगीला जागा करून देणे होय.

कधीच न उघडणे

हीदेखील चूकच आहे. कव्हराखालच्या उबेत उंदीर रुई आणि फोमचे तुकडे जमवून घरटे करतात आणि वायरी कुरतडतात. शेताजवळ किंवा धान्याच्या गोदामापाशी उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे मी दर हिवाळ्यात पाहतो. म्हणून दिवाळीनंतर दर महिन्याला वरचे कव्हर उचलावे, टॉर्चच्या प्रकाशात वायरिंग आणि तेलाची गळती पाहावी, आणि कव्हर चारही बुशांवर नीट बसल्याचा आवाज ऐकूनच बोनेट बंद करावे.